एरंडेल लावलेले गहू

अहो, तुम्ही गेलात त्याच आठवड्यात मला कळलं की तुमच्या अख्ख्या लॅबमध्ये मी एक वेंधळी बाई म्हणून प्रसिद्ध आहे. गेली तीसेक वर्षं! आणि ही बातमी दिली कुणी, तर तुमच्या नीरजानं. माझ्याच घरात बसून, मी केलेला चहा पीत, नाक पुसत.

भेटायला आली होती बिचारी. तुमच्या हाताखाली कोळसे निवडायला लागली तेव्हा दोन वेण्या घालायची. आता तीच लॅबची प्रमुख आहे आणि केस माझ्याहून पांढरे. आपल्या सोसायटीची लिफ्ट नेहमीसारखी बंद, त्यामुळे चार मजले चढून धापा टाकत आली. तुमच्या फोटोला हात जोडले. मग म्हणाली, "भाभीजी, एक बात पूछूँ? बुरा मत मानिएगा. वो जो जला हुआ गेहूँ था, जिस पर आपने तेल लगा दिया था, वो डिब्बा अभी है क्या?"

आपने. म्हणजे मी!

अनु माझ्या शेजारीच बसली होती. आपल्या लेकीला सगळा प्रकार पहिल्यापासून ठाऊक. ती माझ्याकडे बघायला लागली आणि मी तुमच्या फोटोकडे. तुम्ही आपले हसताय. हसा, तुमचं काय जातंय!

मी नीरजाला काय उत्तर दिलं ते सांगते, पण नंतर. आधी मला भांडायचंय. रडून झालं माझं, निदान आजच्यापुरतं. भांडणाला समोर माणूस लागतो आणि तुम्ही तर निघून गेलात, म्हणून हे लिहायला बसलेय.

आठवतं का, आपण आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये राहायचो तेव्हा रविवार कसे जायचे ते? शेजारपाजारचे लोक इंडिया गेटला जायचे, आइस्क्रीम खायचे, आणि आपण स्कूटरवरून टेकाडं बघायला. अनु पुढे उभी, मी मागे, माझ्या मांडीवर पोळीभाजीचा डबा आणि तुमची ती खुरप्यांची पिशवी. गुडगाव ओलांडलं की दोन्हीकडे सरसों फुललेली असायची. मला तेवढं पुरायचं. तुम्हाला मात्र शेतातला एखादा उंचवटा दिसला की झालं, ब्रेक! मी पडता पडता वाचायची. "काय झालं?" म्हटलं की तुम्ही बोट दाखवायचात, "जुनी पांढरी आहे. इथे गाव होतं."

तेव्हा तिकडे नुसती धांदल उडाली होती. दर फेरीला एक नवी पाटी. प्लॉट बिकाऊ है, फॅक्टरी के लिए ज़मीन, परदेशी वाटतील अशा नावांच्या कॉलन्या. चहाची टपरी असलेला माणूस पुढच्या महिन्यात प्रॉपर्टी डीलर झालेला दिसायचा. तुम्ही चिडायचात. इमारतीच्या प्रत्येक पायात काहीतरी जुनं निघत असणार आणि कुणी ढुंकून बघत नाही म्हणायचात. मी म्हणायची, "आपणही पप्पनकलांच्या सोसायटीत नाव घातलंय म्हटलं. त्या पायात काय निघणार?" मग तुम्ही स्कूटरला किक मारायचात. द्वारकेला तेव्हा पप्पनकलां म्हणायचे आणि आपला फ्लॅट नुसता नकाशात होता.

तुमचं काम नेमकं काय ते लग्नानंतर बरीच वर्षं मला धड कळलं नव्हतं. कोळशाचं वय काढतात, एवढंच मी बँकेतल्या मैत्रिणींना सांगायची आणि त्या तोंडाला पदर लावून हसायच्या. ते मला कळलं आईंमुळे. तुमचे वडील गेल्यावर आई वाई सोडून आपल्याकडे आल्या, त्या पहिल्याच हिवाळ्यात. चतुर्थी होती, आईंचा उपास होता. तुम्ही स्वयंपाकघरात पाटावर बसला होतात आणि त्यांनी विचारलं, "तू रे काय करतोस त्या ऑफिसात?"

तुम्ही म्हणालात, "आई, झाड काय, धान्य काय, जिवंत आहे तोवर हवेतून खात असतं. त्या खाण्यात एक अगदी चिमूटभर पदार्थ असा असतो जो आपोआप झिजतो. जिवंत असताना झिजतो तेवढा पुन्हा भरून येतो. मेलं की जेवण बंद. मग नुसतं झिजणं."

"म्हणजे उपास," आई म्हणाल्या.

"हां! उपासच, पण कधी न सुटणारा. पावणेसहा हजार वर्षांच्या आसपास झाली की निम्मं उरतं. पुढच्या तेवढ्याच वर्षांत त्या उरलेल्याचं निम्मं. किती उरलंय ते मी मोजतो आणि कधीपासून उपाशी आहे ते सांगतो."

आईंनी साबुदाणा परतायचा थांबवला. "हजारो वर्षं उपाशी?" म्हणाल्या. "अरे देवा." त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरीची कळवळ आली होती. तुम्ही हसत सुटलात. पण त्या दिवसापासून तुमच्या कामावर त्यांचा जीव जडला, हे तुमच्याआधी मला कळलं. दिल्लीत त्यांना करमत नव्हतं हो. हिंदी येईना, खाली उतरून कुणाशी बोलणार? "मी इथे कुणाच्या कामाची?" हे दिवसातून एकदा तरी म्हणायच्याच. लॅबची पोरं जेवायला आली की मात्र खुलायच्या. त्यांना थालीपीठ वाढायच्या, मराठीतून दटावायच्या, आणि पोरं "आई, और एक" म्हणत ताट पुढे करायची.

आणि मग ते गहू सापडले. मानेसरच्या अलीकडे, रस्त्यापासून जरा आत, तुमचं सगळ्यात लाडकं टेकाड. चैत्र संपत आला होता, शेतं कापून मोकळी झालेली. आपण गेलो तर एका बाजूनं मशिनानं टेकाडाचा लचकाच तोडलेला. तुम्ही स्कूटर तशीच टाकून धावलात. पण त्या उभ्या कापात काळा पट्टा दिसत होता आणि पट्ट्यात एक खड्डा, भाजलेल्या मातीचा, कुणाची तरी धान्याची कणगी असावी तसा. आत काळेकुळकुळीत गहू. जळलेले, पण दाणा न् दाणा शाबूत, मधली चीरसुद्धा दिसत होती.

तुम्ही गुडघ्यावर बसलात. म्हणालात, "लाकडाचा कोळसा फसवतो. झाड दोनशे वर्षांचं असलं तर तेवढी चूक. गव्हाचं तसं नाही. ज्या उन्हाळ्यात कापला, त्याच उन्हाळ्यापासून उपाशी." बांबूच्या पट्टीनं एकेक दाणा फॉइलमध्ये घेतलात, बोटसुद्धा लागू दिलं नाहीत. दिल्लीच्या या बाजूला एवढी जुनी वस्ती नव्हतीच असं तुमचे वरिष्ठ छातीठोकपणे सांगायचे आणि तुम्ही म्हणायचात, होती. आता त्याचा निकाल लागणार होता. मी तुम्हाला इतकं आनंदात फक्त अनु झाली तेव्हा पाहिलं होतं.

लॅबला रविवारची सुट्टी. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं तुम्हाला दौऱ्यावर निघायचं होतं. म्हणून फॉइलची पुडी स्टीलच्या डब्यात घालून फडताळात ठेवलीत आणि बजावलंत, "कुणी हात लावायचा नाही." मी ते आईंनाही सांगितलं. त्यांनी मान डोलावली.

पण अहो, दिवस कुठले होते! वर्षाचे गहू भरायचे. मी बँकेत गेले, अनुला सुट्टी. आईंनी गच्चीत वाळवलेले गहू चादरीवर पसरले, एरंडेलाची बाटली काढली आणि दोन्ही तळहातांनी चोळायला बसल्या, दरवर्षी चोळायच्या तशा. तेल लावलं की कीड लागत नाही. सगळे गहू झाले आणि त्यांना तुमचा डबा आठवला. लेकाचं एवढं मोलाचं धान्य, तसंच कोरडं ठेवलंय, सोंडे पडले तर? मी संध्याकाळी घरी आले तेव्हा आई दारातच. चेहरा नुसता उजळलेला. "त्याचेही करून ठेवले गं. त्याला कुठं सुचतंय. हजारो वर्षं टिकलेत, आता माझ्या हातानं नासायला नकोत."

मी कपाळावर हात मारून घेतला. अनु उड्या मारत सांगत होती, "आजीनं ब्लॅकवालेही केले!"

तुम्ही परत आलात, डबा उघडलात. दाणे लखलखत होते. बोट नाकाशी नेलंत. आई समोर, पदराला हात पुसत, शाबासकीची वाट बघत. तुम्ही त्यांच्याकडे पाहिलंत आणि म्हणालात, "छान केलंस, आई."

अहो, त्या क्षणी मी तुमच्यावर पुन्हा एकदा भाळले होते. हे कधी बोलले नाही. बोलायला हवं होतं. नंतर आतल्या खोलीत दार लावून जे भांडले, त्यात ते राहूनच गेलं.

तुम्ही पलंगाच्या कडेला बसला होतात, अगदी गळून. "उपाशी माणसाच्या तोंडात आईनं घास घातला," एवढंच म्हणालात. मला कळलं. एरंडेल गेल्या वर्षीच्या बियांचं, ते ताजं जेवलेलं. गव्हात मुरलं की जुने गहू नव्यासारखे बोलणार, किती खोटं बोलणार ते कुणी सांगू शकणार नाही. मी म्हटलं, "धुवा ना! तुमची ती ॲसिडं आहेत, रसायनं आहेत." तुम्ही म्हणालात, "कोळसा म्हणजे स्पंज आहे. धुतल्यावर किती राहिलं ते कसं कळणार? आणि एका मोजणीला हे सगळेच्या सगळे दाणे जाळावे लागतील. एकदाच." मी म्हटलं, मग पुन्हा जाऊन आणा. तुम्ही गेलातही, पहिल्या सुट्टीच्या दिवशी. टेकाड नव्हतं. सपाट जमीन आणि चुन्याच्या रेघा. उत्खनन करणाऱ्या खात्याला तुम्ही लिहिलेलं पत्र पोचलं होतं म्हणे, विचार चालू होता. आता तिथे गाड्यांचे भाग बनवणारा कारखाना आहे, कंपनीच्या बसेस उभ्या असतात.

"लॅबमध्ये काय सांगणार?" मी विचारलं होतं. "सांगतो काहीतरी," तुम्ही म्हणालात. "पण आईला कधी कळता कामा नये. पोरं घरी येतात, एखादा चेष्टेत बोलून जाईल आणि ती खचेल." मला वाटलं, मशीन बिघडलं वगैरे सांगितलं असेल. परिषदेतलं तुमचं भाषण रद्द झालं. वरिष्ठ जिंकले. तुम्ही घरी येऊन अनुचा भूगोल घेतलात.

आणि मी एवढी खुळी! लॅबच्या पिकनिकला मी पोह्यांचा डबा पाठवायची आणि कुणी ना कुणी डोळे मिचकावून म्हणायचंच, "भाभीजी, तेल तो ठीक डाला है ना?" मला वाटायचं, माझ्या हाताला तेल जास्त आहे. मी कमी करत गेले. पुढे पुढे तर पोहे घशाखाली उतरेनात इतके कोरडे. तुम्हीच एकदा कुरकुरलात, "पोहे असे का हल्ली?" आणि मी म्हटलं, "तुमच्याच लोकांना तेलकट लागतात!" तुम्हाला ठसका लागला. मी पाठीवर हात फिरवला, पाणी दिलं. ठसका! आता कळतंय मला कसला ठसका होता तो.

आई गेल्या, आपण द्वारकेला आलो, टँकरच्या पाण्याच्या रांगा संपल्या, मेट्रो आली. डबा आपल्याबरोबर आला. आपलं भांडणही आलं. कधी पेपरात जुन्या वस्तीची बातमी आली की मी सुरू व्हायची. एका टेकाडाचं नाव-निशाण उरलं नाही, जे काही उरलंय ते आपल्या फडताळात, आणि तुम्ही त्याच्यावर बसून आहात! पुढे तर अशी यंत्रं निघाली की एक दाणा पुरतो, हे तुम्हीच सांगितलंत. मी म्हटलं, मग द्या की एक दाणा, आता आईही नाहीत दुखवायला. तुम्ही म्हणायचात, "राहू दे." का, विचारलं की चष्मा पुसायचात.

मी हे हट्टीपणाच्या खात्यावर टाकलं होतं. तुमचा स्वभावच तसा, एकदा नाही म्हटलं की नाही. आता नीरजा येऊन गेल्यावर उमगलं. दाणा तपासायला दिला असता तर कुणीतरी मला विचारायला आलं असतं. कुठलं तेल, किती, कसं लावलंत? आणि तुमचं बिंग फुटलं असतं. म्हणजे इतकी वर्षं ते टेकाड तुम्ही आईंसाठी दडवलंत आणि नंतर बायकोच्या भीतीनं! एवढी भीती वाटत होती माझी?

नीरजा तेच विचारायला आली होती. तेलं, डिंक कसे काढायचे हे आता नीट कळलंय म्हणाली. वेगवेगळे दाणे वेगवेगळ्या तऱ्हेनं धुवायचे, सगळ्यांचं वय एकसारखं आलं तर तेल पुरतं गेलं असं समजायचं. तुमच्या नावानं छापायचंय तिला. "पर भाभीजी, मुझे ठीक से पता होना चाहिए, कौन सा तेल था. गरम करके लगाया था या कच्चा? हल्दी, नीम, कुछ और भी था क्या? ये तो लगाने वाला ही बता सकता है."

तर असा प्रसंग आला बघा. मी एक वाक्य बोलले असते तर माझं नाव स्वच्छ झालं असतं. आई आता नाहीत, तुम्ही नाही, कुणाला कसलं दुःख? खरं सांगते, जिभेच्या टोकाशी आलं होतं. रागही आला होता असा की कानशिलं तापली. मी बँकेत अधिकारी म्हणून निवृत्त झालेली बाई, आणि तीस वर्षं या लोकांना वाटत आलं की हिला काळे गहू आणि पिठाचे गहू यातला फरक कळत नाही! मी काय तुमची फुकटची ढाल होते?

अनुला राहवलं नाही. ती म्हणाली, "आई, पण तेल तर आजीनं..." आणि माझा हात आपोआप तिच्या गुडघ्यावर गेला. जरा जोरातच दाबला असेन, कळवळली ती.

"हाँ, मैंने ही लगाया था," मी नीरजाला म्हटलं. "एरंडी का. कच्चा. और कुछ नहीं था, ना हल्दी ना नीम." आणि मग मी तिला सगळं सांगितलं. तळहातावर तेल कसं घ्यायचं, थोडं थोडं, दाण्याला नुसती चकाकी येईल इतपत. दोन्ही हातांनी खालवर करायचं, पण घासायचं नाही, दाणा दुखता कामा नये. आईंना किती वेळा बघितलंय, मला सांगायला जड गेलं नाही. आईंच्या हातांचं वर्णन करत होते आणि माझे हात पुढे करून दाखवत होते. अनु रडायला लागली. नीरजाला वाटलं, बाबांच्या आठवणीनं.

डबा दिला. तुमच्यापेक्षा मला त्या टेकाडाची दया जास्त. तिनं तो दोन्ही हातांनी धरला आणि निघताना म्हणाली, "सर हम सबको कहते थे, भाभीजी के सामने गेहूँ का नाम मत लेना. उनसे अनजाने में हो गया, बहुत दिल पर लेती हैं."

दिल पर लेती हैं! काय काय रचलं होतंत हो तुम्ही!

ती गेल्यावर अनु म्हणाली, "आई, तू झूठ का बोललीस?" मी भांडी घासायला घेतली. विचार करत होते, की तुम्हाला त्या दिवशी लॅबमध्ये सगळ्यांनी घेरलं असेल, काय झालं, काय झालं म्हणून. तुम्हाला खोटं बोलता येत नव्हतं, साधं दुधवाल्याशी येत नव्हतं. मग तोंडात जे आपल्या माणसाचं पहिलं नाव आलं ते सांगून मोकळे झालात. स्वतःचं का नाही सांगितलंत, यावरही मी विचार केला. तुमच्यावर कुणी विश्वासच ठेवला नसता.

तेव्हा नाव माझं सांगितलंत, ते एक वेळ सोडलं मी. माझा राग वेगळाच आहे. त्या रात्री तुम्ही पलंगाच्या कडेला बसला होतात, दार लावलेलं होतं, मी समोर उभी होते. नुसतं म्हणायचं होतं, "तुझं नाव सांगू का गं?" मी थयथयाट केला असता. चार दिवस अबोला धरला असता, तुमचा डबा आपटून भरला असता. पण हो म्हटलं असतं. अहो, विचारून तर बघायचं होतं, मी हो म्हटलं असतं.